मुलगी कोणत्या खात्याची?

२०१९ च्या जून महिन्यात मी पेठ तालुक्यातील एका गावी गेले होते. काम वेगळेच होते. पाणीटंचाईच्या दिवसांत बायकांचा दिवस कसा जातो याच्या नोंदी मी तेव्हा घेत होते. पहिला पाऊस होऊन गेला होता, तरी विहिरीवरची हंड्यांची रांग हटलेली नव्हती. तिथे सातवी पास झालेली एक मुलगी भेटली. गावातली जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंतच. आठवीसाठी ती आश्रमशाळेत जाणार होती आणि तिची पत्र्याची पेटी भरून तयार होती. बोलता बोलता तिने विचारले, "ताई, इथं शाळेत पाच रुपयांत पॅडचं पाकीट मिळायचं. तिकडं मिळंल का?"

मी म्हटले, "मिळेल की. तीही सरकारचीच शाळा."

नाशिकला परतल्यावर आपण दिलेले उत्तर तपासून पाहावे असे वाटले. योजनेची माहिती काढली, कागद वाचले, आणि लक्षात आले की आपण त्या मुलीला खात्रीने जे सांगितले त्याला कागदावर आधार नाही. हा लेख त्या चुकलेल्या उत्तराविषयी आहे. सरकारने मुलींना पॅड द्यावेत की नाही, हा वाद आता मागे पडला आहे आणि ते चांगलेच झाले. मला प्रश्न पडतो तो त्यापुढचा. सरकार पॅड देते तेव्हा ते कोणाला देते? मुलीला, की आपल्या एखाद्या खात्याच्या यादीतल्या नावाला?

पाच रुपयांचे पाकीट

'अस्मिता' योजना ८ मार्च २०१८ रोजी, जागतिक महिला दिनी सुरू झाली. पंकजा मुंडे तेव्हा ग्रामविकास आणि महिला व बालविकास मंत्री होत्या. 'पॅडमॅन' चित्रपट महिनाभर आधीच प्रदर्शित झाला होता, त्यामुळे एरवी कुजबुजत बोलला जाणारा विषय वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर होता. योजना अशी : जिल्हा परिषदेच्या शाळांतील ११ ते १९ वयोगटातील मुलींची नोंदणी करून त्यांना अस्मिता कार्ड द्यायचे आणि त्या कार्डावर ८ पॅडचे पाकीट ५ रुपयांत द्यायचे. ग्रामीण भागातील इतर स्त्रियांना आकारानुसार २४ आणि २९ रुपयांत. विक्री गावातल्या महिला बचतगटांनी करायची, मागणी मोबाइल ॲपवरून नोंदवायची. मुलीच्या पाकिटामागे शासनाचे अनुदान १५ रुपये २० पैसे.

या योजनेचे श्रेय आधी मोकळेपणाने द्यायला हवे. पाळी हा शासनाच्या कामाचा विषय आहे, हे तिने गावच्या पातळीवर उघडपणे मांडले. पुरुष दुकानदाराकडून काळ्या पिशवीत गुंडाळून घ्यायची वस्तू तिने ओळखीच्या बाईच्या हातात आणली. खर्चही डोंगराएवढा नव्हता. त्या वेळी लाभार्थी मुलींचा आकडा सुमारे ७ लाख सांगितला जात होता. प्रत्येक मुलीला महिन्याला एक पाकीट धरले तर वर्षाची ८४ लाख पाकिटे होतात. त्याला १५ रुपये २० पैशांनी गुणले तर अनुदान येते १२ कोटी ७७ लाखांच्या आसपास. महाराष्ट्राच्या अर्थसंकल्पात ही रक्कम शोधायला भिंग लागेल. पैशांची अडचण होती, असे म्हणायला म्हणून फारशी जागा राहत नाही.

अडचण दुसरीकडे होती. ती 'जिल्हा परिषदेच्या शाळा' या तीन शब्दांत होती.

तीन शब्दांचा पेच

महाराष्ट्रातील शाळांची रचना ज्याला ठाऊक आहे त्याला हा पेच लगेच कळेल. जिल्हा परिषदेच्या बहुतेक शाळा प्राथमिक आहेत. कुठे चौथी-पाचवीपर्यंत, कुठे सातवी-आठवीपर्यंत. माध्यमिक शिक्षणाचा मोठा भार खासगी अनुदानित संस्थांनी उचललेला आहे. नाशिक जिल्ह्यात निफाड, सिन्नर, येवला, चांदवड या भागांत आठवी ते दहावीची मुलगी बहुतकरून एखाद्या शिक्षणसंस्थेच्या विद्यालयात असते. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, कळवण या भागांत ती बऱ्याचदा आश्रमशाळेत असते. या शाळा आदिवासी विकास विभागाच्या. राज्यात शासकीय आश्रमशाळा सुमारे पाचशे आहेत आणि अनुदानित आश्रमशाळाही जवळपास तितक्याच. या विभागाचे आयुक्तालय नाशिकमध्येच आहे.

आता वय पाहू. पाळी साधारण बाराव्या-तेराव्या वर्षी सुरू होते, म्हणजे सहावी-सातवीत. ज्या वर्षी मुलीला पॅडची गरज पडू लागते, त्याच्या आगेमागेच ती जिल्हा परिषदेची शाळा सोडते. योजनेतली वयोमर्यादा १९ पर्यंत होती, पण १९ वर्षांची मुलगी जिल्हा परिषदेच्या किती शाळांत सापडेल? चौदाव्या वर्षानंतर यातल्या बहुसंख्य मुली त्या शाळांत नसतातच. त्यांची शाळा बदलते, शाळेचा मालक बदलतो. पाळी मात्र तीच राहते.

हे मुद्दाम कोणी केले, असे मला म्हणायचे नाही. योजना ग्रामविकास विभागाची होती आणि जिल्हा परिषदा त्या विभागाच्या अखत्यारीत. आपल्या अखत्यारीत जेवढे येते तेवढ्यासाठी योजना आखणे ही कोणत्याही विभागाची सवय असते. पण या सवयीतूनच मुलीची व्याख्या ठरली. ती कोण आहे यापेक्षा तिच्या शाळेच्या पाटीवर कोणाचे नाव आहे, हे महत्त्वाचे झाले. पेठच्या त्या मुलीने मला नेमके हेच विचारले होते. तिला ते कळले होते, मला नव्हते.

सात दारे

त्यानंतर मी एक यादी करायला घेतली : शाळेत जाणाऱ्या मुलीच्या पाळीशी सरकारच्या किती दारांचा संबंध येतो? यादी सातवर गेली.

पहिले दार आरोग्य विभागाचे. केंद्राची मासिक पाळी स्वच्छता योजना २०११ मध्ये १७ राज्यांतील १०७ जिल्ह्यांत सुरू झाली. 'फ्रीडेज' नावाचे ६ पॅडचे पाकीट ६ रुपयांना, आशाताईंच्या हातून. त्यातला १ रुपया आशाताईंचा. २०१४ पासून खरेदी राज्यांकडे आली आणि पैसा राष्ट्रीय आरोग्य अभियानातून येऊ लागला. पण आशाताई गावातल्या घरांची यादी घेऊन फिरते, आणि आश्रमशाळेतली मुलगी वर्षातले बरेच महिने घरी नसते.

दुसरे दार ग्रामविकासाचे, म्हणजे अस्मिता. तिसरे शालेय शिक्षणाचे : समग्र शिक्षा अभियानातून शाळांना पॅडचे यंत्र आणि वापरलेले पॅड जाळण्याची भट्टी यांसाठी निधी मिळू शकतो, शिवाय स्वच्छतागृह त्यांचेच. चौथे आदिवासी विकासाचे. तिथे साबण, तेल, टूथपेस्ट अशा नित्योपयोगी वस्तूंऐवजी बँक खात्यात थेट रक्कम देण्याची पद्धत आली. खरेदीतले गैरप्रकार टाळायला ती ठीक असेल. पण वसतिगृहात राहणाऱ्या तेरा वर्षांच्या मुलीला खात्यात पैसे आल्याने पॅड मिळत नाही. बँक तालुक्याला, दुकान बाजाराच्या गावी, आणि फाटकाबाहेर पडायला परवानगी लागते.

पाचवे दार महिला व बालविकासाचे. अंगणवाडीशी जोडलेल्या किशोरींच्या योजनांचा भर तेव्हा शाळा सुटलेल्या मुलींवर होता. सहावे तर केंद्राच्या रसायने व खते मंत्रालयाचे. जन औषधी केंद्रांतले 'सुविधा' पॅड तिथून येतात. सातवे पाणीपुरवठा व स्वच्छतेचे. शाळांतल्या पाळी व्यवस्थापनाची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे २०१५ मध्ये आली ती स्वच्छ भारत मोहिमेच्या छत्राखाली, पेयजल व स्वच्छता मंत्रालयाकडून.

सात दारे असणे ही तशी श्रीमंती वाटेल. प्रत्यक्षात प्रत्येक दारावर शेजारच्या दाराचा पत्ता सांगणारा माणूस बसलेला असतो. एका आश्रमशाळेत मी पॅडबद्दल विचारले तेव्हा "ते आरोग्यवाले बघतात" असे उत्तर मिळाले. आरोग्य उपकेंद्रात उत्तर मिळाले, "शाळेतल्या मुलींचं शाळेकडं." दोघेही खोटे बोलत नव्हते.

हा घोळ फक्त नाशिकचा नाही. जया ठाकूर यांच्या याचिकेवर १० एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहावी ते बारावीच्या मुलींसाठी देशभर एकसारखे धोरण आखायला सांगितले. तेव्हाही आरोग्य, शिक्षण आणि जलशक्ती अशा तीन मंत्रालयांचा प्रश्न समोर आला आणि समन्वयाची जबाबदारी आरोग्य मंत्रालयाकडे द्यावी लागली. कोणी उत्तर द्यायचे, हे ठरवायलाच देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचा आदेश लागला.

किंमत उतरली, खात्री वाढली नाही

गेल्या काही वर्षांतल्या तारखा एकाखाली एक लिहिल्या की एक गंमत दिसते. २०११ मध्ये ६ पॅडना ६ रुपये. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा पॅडवर १२ टक्के कर, २१ जुलै २०१८ च्या बैठकीत तो शून्यावर. मार्च २०१८ मध्ये ८ पॅडना ५ रुपये. जून २०१८ मध्ये 'सुविधा' पॅड अडीच रुपयांना एक, ऑगस्ट २०१९ मध्ये तोच १ रुपयाला. मे २०२२ मध्ये तत्कालीन ग्रामविकास मंत्री हसन मुश्रीफ यांनी दारिद्र्यरेषेखालील आणि बचतगटांतील स्त्रियांना १ रुपयात १० पॅड देण्याची घोषणा केली. ती १५ ऑगस्टपासून लागू व्हायची होती. त्याआधी जूनच्या अखेरीस सरकारच बदलले.

प्रत्येक पायरीवर किंमत खाली आली आहे. प्रत्येक पायरीची बातमी झाली, कारण किंमत हा बातमीत बसणारा आकडा आहे. घोषणांच्या तारखाही पाहा : महिला दिन, स्वातंत्र्यदिन. पण पाळीला असा मुहूर्त नसतो. तिला फक्त 'पुढचा महिना' असतो. मुलीच्या दृष्टीने ५ रुपयांचे पाकीट आणि १ रुपयाचे पाकीट यांत जेवढा फरक आहे, त्याहून कितीतरी मोठा फरक दर महिन्याला मिळणारे पाकीट आणि चार महिन्यांतून एकदा मिळणारे पाकीट यांत आहे. जे अधूनमधून मिळते त्याच्या भरवशावर घरचे कापड कोणी टाकून देत नाही. आई शहाणी असते, ती कापड जपून ठेवते.

बचतगटाच्या बाजूनेही हेच. ५ रुपयांच्या पाकिटावर गटाला सुटणार ते किती? तालुक्याहून माल आणायचा तर भाड्याची जीप, त्यात गेलेली रोजंदारी. पाड्यावर मुली आठ-दहा. सेवाभाव म्हणून एखादी बाई हे वर्षभर करील, दुसऱ्या वर्षी करणार नाही. शासकीय योजना तिच्या सेवाभावावर उभी असेल तर तो दोष तिचा नाही.

मोजले काय जाते

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात १५ ते २४ वयाच्या स्त्रियांमध्ये पाळीत 'आरोग्यदायी साधने' वापरणाऱ्यांचे प्रमाण चौथ्या फेरीतल्या ५७.६ टक्क्यांवरून पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, ७७.३ टक्क्यांवर गेले. वाढ मोठी आहे. पण व्याख्या वाचली पाहिजे. या आकड्यात पॅड, स्थानिक पातळीवर बनवलेले पॅड, टॅम्पॉन आणि कप धरले आहेत. कापड धरलेले नाही, ते कितीही स्वच्छ धुऊन उन्हात वाळवलेले असो. एकीपेक्षा अधिक साधने सांगायची मुभा असलेल्या त्याच पाहणीत सुमारे निम्म्या स्त्रियांनी कापड वापरत असल्याचेही सांगितले. म्हणजे पॅड आणि कापड दोन्ही वापरणाऱ्या पुष्कळ आहेत. शाळेत पॅड, घरी कापड. का, हे गणिताने कळते. पाच दिवस, दिवसाला तीन बदल धरले तरी १५ पॅड लागतात. पाकिटात ६ किंवा ८.

उरलेले अर्धे कापडावर निघते आणि कापडाला पाणी लागते. पेठ-सुरगाण्यात पावसाळ्यात डोंगर वाहतात आणि एप्रिल-मेमध्ये हंडाभर पाण्यासाठी दरीत उतरावे लागते. तिथे पॅडचा हिशोब पाण्यापासून वेगळा करता येत नाही.

स्वच्छतागृहाचेही तसेच. केंद्र सरकारने २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगितले की देशातील ९७.५ टक्के शाळांत मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे आहेत. असतील. पण दाराला आतून कडी आहे का, दुपारी टाकीत पाणी असते का, आणि वापरलेला पॅड टाकायचा कुठे, हे त्या टक्केवारीत येत नाही. घनकचऱ्याचे २०१६ चे नियम मुख्यतः शहरी भागासाठी होते. पाड्यावर घंटागाडी येत नाही. मुली पॅड दप्तरात परत नेतात, पुरतात किंवा ओढ्याकाठी टाकतात. पाकीट देणाऱ्या खात्याच्या नोंदवहीत ही गोष्ट 'वाटप पूर्ण' या शेऱ्यानंतर सुरू होते.

आणि काही गोष्टी कोणत्याच पाकिटात मावत नाहीत. जुलै २०२२ मध्ये त्र्यंबकेश्वर तालुक्यातील एका आश्रमशाळेतील विद्यार्थिनीने तक्रार केली होती की पाळी असल्याने तिला वृक्षारोपणात झाड लावू दिले नाही. आदिवासी विकास विभागाने चौकशी लावली. त्या एका प्रकरणाचा निवाडा करण्याचा मला अधिकार नाही. पण ती तक्रार वाचून नाशिकमधल्या किती बायकांना आपल्या शाळेची आठवण झाली असेल, हे मी सांगू शकते. मलाही झाली.

हजेरीचा आधार नको

पॅड दिले की मुलींची हजेरी वाढते, असे योजनांच्या समर्थनार्थ नेहमी सांगितले जाते. मीही पूर्वी हे लिहिले आहे. आता लिहिणार नाही. एमिली ऑस्टर आणि रेबेका थॉर्नटन यांनी नेपाळमधील चितवन भागात मुलींना कप देऊन काळजीपूर्वक प्रयोग केला, तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पाळीमुळे बुडणारे शाळेचे दिवस मुळातच फार थोडे निघाले आणि साधन दिल्याने हजेरीत फरक पडला नाही. एका प्रयोगावरून सगळीकडचे ठरत नाही. तरी धोका लक्षात घ्यावा : हजेरीच्या नावावर योजना मागितली तर उद्या हजेरी वाढली नाही म्हणून ती बंदही करता येईल. शाळेत खडू आणि पिण्याचे पाणी आपण हजेरी वाढावी म्हणून ठेवत नाही. मुलगी वर्गात डाग लागण्याच्या भीतीने अंग चोरून बसू नये, एवढे कारण पुरे आहे.

हजेरीपट धरून

मग करायचे काय? नवी योजना, नवे नाव, नवे कार्ड नको. आधाराचा कागद बदलावा. लाभार्थ्यांची यादी शाळेच्या मालकीवरून न करता सहावी ते बारावीच्या हजेरीपटावरून करावी. जिल्हा परिषद, महापालिका, अनुदानित, आश्रमशाळा, सगळ्यांचा हजेरीपट सारखाच असतो. हे अशक्य नाही. लोहाच्या गोळ्या शासकीय आणि अनुदानित दोन्ही शाळांत आठवड्याला देण्याचा कार्यक्रम याच देशात दशकाहून अधिक काळ आहे. जी वाट गोळीला सापडली ती पाकिटालाही सापडेल. मुलगी शाळा बदलते तेव्हा दाखल्यासोबत तिचा हक्कही पुढच्या शाळेत जावा.

दुसरे, मोजमाप उलटे करावे. किती पाकिटे वाटली याऐवजी किती महिने चुकले, हे प्रत्येक शाळेने कळवावे. तिसरे, एकच खाते उत्तरदायी ठरवावे. केंद्रात नोव्हेंबर २०२४ मध्ये शाळकरी मुलींसाठीच्या धोरणाला मंजुरी मिळाली. जिल्ह्यात त्या धोरणासाठी कोणाचे दार ठोठावायचे, हे मुलीला सांगता आले पाहिजे.

बाहेरच्या जगातले दोन दाखले उपयोगी आहेत. केनियाने २०१७ मध्ये शिक्षण कायद्यातच दुरुस्ती करून सरकारी शाळेतील प्रत्येक वयात आलेल्या मुलीला मोफत, पुरेसे आणि दर्जेदार पॅड देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. स्कॉटलंडने २०२० मध्ये कायदा केला आणि १५ ऑगस्ट २०२२ पासून स्थानिक संस्था व शिक्षणसंस्थांवर ते बंधनकारक झाले. साधने सहज आणि सन्मानाने मिळावीत, निवडीला वाव असावा, आणि वापरणाऱ्यांना विचारून व्यवस्था ठरवावी, हेही त्या कायद्यात आहे. ते देश श्रीमंत किंवा गरीब आहेत म्हणून मी हे सांगत नाही, त्यांत एक श्रीमंत आहे आणि एक नाही. दोघांनीही योजनेऐवजी कायदा केला. योजना मंत्र्याबरोबर बदलते. कायदा बदलायला विधिमंडळात उभे राहून कारण सांगावे लागते.

हा अंक वाचणाऱ्यांत शिक्षक असतात, संस्थांचे विश्वस्त असतात, शाळा व्यवस्थापन समित्यांचे सदस्य असतात. त्यांना माझी विनंती साधी आहे. येत्या जूनमध्ये आठवीत नव्याने आलेल्या मुलींना, शक्यतो एखाद्या शिक्षिकेकरवी, एवढेच विचारा : आधीच्या शाळेत काय मिळत होते, आणि इथे काय मिळते? उत्तरे लिहून ठेवा. पेठची ती मुलगी आता विशीत असेल. मी तिला 'मिळेल की' म्हणून सांगितले होते. त्या उत्तराची जबाबदारी कोणत्या खात्यावर टाकायची, हे मला अजून ठरवता आलेले नाही, म्हणून तूर्त ती मी माझ्याकडेच ठेवली आहे.